राणीचा गाल कोणी कोरला

रऊफचाचा आमच्या संग्रहालयात यायचे ते फक्त भांडायला. दर रविवारी, सकाळी अकराला. मी दार उघडून दिवे लावत असायची, तेवढ्यात ते गळ्यात सुतळीनं बांधलेलं भिंग सावरत आत शिरायचे. पहिल्या खोलीतल्या मूर्ती, दुसऱ्या खोलीतल्या तलवारी यांच्याकडे ढुंकूनही पाहायचे नाहीत. थेट तिसऱ्या खोलीत जाऊन राणीच्या तसबिरीपुढे उभे राहायचे आणि तार स्वरात बोलायला लागायचे. नवख्या माणसाला वाटावं, हा म्हातारा राणीलाच झापतोय. शेगावचं दर्शन आटोपून आलेल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, यांच्या घरी कळवलंय का.

राणी विलायतेची. कुठली, ते सांगून फारसा उपयोग नाही, गावात तिला नुसतं राणीच म्हणतात. डोक्यावर मुकुट, गळ्याशी लेस, हनुवटीखाली जराशी दुसरी हनुवटी. गावातल्या एका जुन्या वकिलांच्या वारसांनी घर विकताना एक हुक्का, कर्णा नसलेला ग्रामोफोन आणि ही तसबीर आम्हाला देऊन टाकली.

आमचं गाव चिखलीहून यष्टीनं पाऊण तासावर. जुन्या कचेरीच्या तीन खोल्या म्हणजे संग्रहालय, आणि माणसं दोन. एक मी, दुसरे क्युरेटर साहेब. साहेबांकडे आणखी एका संग्रहालयाचा कारभार असल्यामुळे ते आमच्याकडे फक्त मंगळवारी येतात आणि चारची गाडी पकडतात. सोमवारी सुट्टी. बाकी दिवस मीच तिकीट फाडते, मीच पहारा करते आणि मीच झाडू मारते.

चाचा पहिल्यांदा आले तेव्हा मी नोकरीत नवीन होते. राणीखालचं लेबल त्यांनी दोनदा वाचलं. लेबलावर पहिली ओळ होती 'राणीचे तैलचित्र', आणि पुढच्या चार ओळींत वकीलसाहेब, त्यांचे सुपुत्र, सुना, नातवंडं आणि तसबिरीचं अनावरण करणारे पाहुणे होते. चाचा माझ्याकडे वळले. म्हणाले, "बाई, याच्यात तेल कुठं हाये, मले दाखवा."

मी म्हणाले, लेबल साहेबांनी लिहिलंय, मंगळवारी विचारा. त्यांनी अभिप्रायाची वही मागितली. त्या वहीत लोक 'छान', 'खूप छान', 'स्वच्छता चांगली आहे' असं लिहितात. चाचांनी लिहिलं, 'हे तेलाचे चित्र नाही. हे तांब्यावर कोरून छापलेले आहे. ज्याने लेबल लिहिले त्याने चित्र पाहिलेले नाही.' अर्धं पान भरलं. अक्षर इतकं सुंदर की मला जास्तच राग आला. एवढं चांगलं अक्षर असलेल्या माणसानं एवढं वाईट कशाला बोलावं.

चाचा भांड्यांवर नावं टाकणारे. भांडे गल्लीत त्यांचं दुकान होतं. पूर्वी छिन्नी-हातोडीनं टिंबं टिंबं ठोकत नाव काढायचे, मग घरघर करणारी विजेची सुई आली, आणि आता समोरच्याच दुकानात संगणकावर चालणारं लेसरचं यंत्र आलंय. त्यात फोटोसुद्धा निघतो. चाचांचं दुकान बंद झालं ते त्या यंत्रानं, असं गाव म्हणतं. माझ्या मते निम्मं श्रेय चाचांच्या तोंडाला द्यायला हवं. गिऱ्हाईक चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं आणि चाचा त्यातल्या चुकांवरून त्याची हजेरी घ्यायचे. एका पुढाऱ्यानं सामुदायिक लग्नात वाटायला कुकर आणले होते. त्यावर स्वतःचं नाव मोठं आणि नवरा-नवरीचं बारीक टाका म्हणाला. चाचांनी विचारलं की लग्न कोनाचं हाये, आणि सगळे कुकर हातगाडीवर चढवून परत पाठवले.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "हात कोनाचा?" म्हणजे हे केलं कोणी. भजी खाल्ली की हॉटेलवाल्याला विचारणार, हात कोनाचा. तो म्हणणार, आपलंच हॉटेल आहे चाचा. मग चाचा खवळणार, हॉटेल कोणाचं ते विचारलं नाही, बेसन कालवणारा हात कोणाचा ते सांग. नव्या बसस्टँडचं उद्घाटन झालं तेव्हा कोनशिलेवर सतरा नावं होती. चाचा ती सगळी वाचून तिथल्या शिपायाला म्हणाले, याच्यात गवंडी कोणता. शिपाई अजून त्यांना पाहिलं की मुतारीच्या बाजूनं निघून जातो.

सुरुवातीचं वर्षभर मी त्यांचा रागराग केला. एका रविवारी माझ्या भाचीचा साखरपुडा होता, मला रजा मिळाली नव्हती, आणि चाचा राणीपुढे नेहमीसारखे सुरू झाले. मी तिसऱ्या खोलीत जाऊन सांगून टाकलं की तुम्ही दर आठवड्याला माझा रविवार नासवता, त्या बिचाऱ्या चित्रात काय पाहायचं ते एकदाचं पाहून घ्या आणि मला सोडा. मला वाटलं, आता माझी पाळी. पण त्यांनी गळ्यातली सुतळी काढली आणि भिंग माझ्या हातात दिलं. "पाहा मंग," म्हणाले. "गाल पाहा."

मी राणीचा गाल पाहिला. लांबून तो गुबगुबीत दिसतो. सावली अशी पसरली आहे की बोट लावलं तर मऊ लागेल. भिंगाखाली तिथं गालच नव्हता. नुसत्या रेघा होत्या. केसाहून बारीक, शेजारी शेजारी, कुठं फुगत गेलेल्या, कुठं निमुळत्या होत संपलेल्या, आणि दोन रेघांच्या फटीत एकेक टिंब. मी भिंग गळ्यापाशी नेलं. लेसचं एकेक भोक वेगळं कोरलेलं होतं. कानातला मोती म्हणजे दहा-बारा वळणं आणि मधे सोडलेला कोरा कागद. त्या कोऱ्या जागेनंच तो चमकत होता.

चाचा मागून सांगत होते. तांब्याचा पत्रा घ्यायचा. त्यावर सगळं उलटं कोरायचं, डावा गाल उजवीकडे. खाचांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओला कागद ठेवून दाबायचा. हत्यार हलकं दाबलं की रेघ बारीक, जोरात दाबलं की जाड. चुकलं की चुकलं, त्याला खोडरबर नाही. एवढ्या गालाला महिना गेला असेल, लेसला किती गेला देव जाणे. मग त्यांनी तसबिरीच्या खालच्या कडेला बोट नेलं. डाव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत एक नाव होतं. ते रंगवणाऱ्याचं, म्हणाले. आधी त्यानं रंगात राणी काढली, तिच्यावर पाहून दुसऱ्यानं ही कोरली. कोरणाऱ्याचं नाव उजव्या कोपऱ्यात असतं. आणि आमच्या तसबिरीचा उजवा कोपरा भोवतीच्या पुठ्ठ्याखाली झाकलेला होता.

"राणी नुसती बसली, थे दिसून राह्यली," चाचा म्हणाले. "रंगवनाऱ्याचं नाव दिसून राह्यलं. वकिलाच्या सुना दिसून राह्यल्या. ज्यानं डोळे फुटेस्तोर कोरलं त्याले पुठ्ठ्याखाली दाबून ठेवलं. काऊन?"

घरी गेल्यावर मला त्या पुठ्ठ्याचा राग आला. त्या दिवसापासून आमच्या गावात चिडकी माणसं दोन झाली.

आम्ही अर्ज केले. सरकारी भाषा माझी, सही चाचांची. 'सदर चित्राची चौकट उघडून कोरणाऱ्याच्या नावाची नोंद घेण्यात यावी.' पहिल्या अर्जावर साहेबांनी 'प्रकरण विचाराधीन' असा शेरा मारला, दुसऱ्यावर 'वरिष्ठांचे मार्गदर्शन मागविले आहे'. तिसरा अर्ज घेऊन चाचा मंगळवारी स्वतः आले. दारात उभे होते, आणि आत साहेब मला विचारत होते की भांड्यांवर नावं टाकणारा माणूस आता आपल्याला चित्रं शिकवणार का.

चाचांनी ते ऐकलं. आता साहेबांचं काही खरं नाही, असं मला वाटलं. पण चाचा आत आले, अर्ज टेबलावर ठेवला, त्यावर पेपरवेट ठेवला आणि एक अक्षर न बोलता निघून गेले. त्यांचं ओरडणं मी वर्षभर सहन केलं होतं. ते गप्प गेले, ते मात्र मला सहन झालं नाही. संध्याकाळी घरी भांडी घासताना मी एक कप फोडला आणि आईनं विचारलं, कोणावर राग काढून राह्यली.

चौकट शेवटी उघडली ती अर्जानं नाही, वाळवीनं. तिसऱ्या खोलीच्या भिंतीवर मातीची एक रेघ चढत चढत तसबिरीच्या मागच्या फळीपर्यंत पोचली. मी साहेबांना फोन केला. कागदाला हात न लावता चौकट उघडा, फळी बदला, फोटो काढून पाठवा, असं ते म्हणाले. तो गुरुवार होता. फळी मी लगेच उन्हात काढायला हवी होती. पण तसबीर भिंतीवरून उतरवून टेबलावर पालथी ठेवली, वाळवी झटकली आणि रविवारची वाट पाहिली. ही चूक मी कबूल करते.

रविवारी चाचा आले तेव्हा मी पांढरे हातमोजे घालून बसले होते. त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. मी खिळे काढले, फळी काढली, तसबीर उताणी केली आणि पुठ्ठा उचलला.

उजवा कोपरा नव्हता. चौकटीच्या त्या कोपऱ्याला आतून एक लोखंडी पट्टी होती. ती नीट बसावी म्हणून कोणीतरी कात्रीनं कागदाचा तेवढा भाग तिरपा उडवला होता. डावं नाव शाबूत होतं. उजव्या बाजूला कात्रीच्या कडेला एका अक्षराचं वरचं टोक उरलं होतं, आणि त्याच्या शेजारी एक टिंब.

चाचा भिंग लावून त्या टोकाकडे फार वेळ पाहत राहिले. मग तिथल्याच स्टुलावर बसले. त्यांनी पाणी मागितलं आणि आणून दिलं तर प्यायले नाहीत.

दुपारी मी नव्या लेबलाचा मजकूर लिहून त्यांना वाचून दाखवला. तांब्यावर कोरून छापलेले चित्र, वगैरे. शेवटची ओळ होती, 'कागदाचा कोपरा गेल्याने कोरणाऱ्याचे नाव उपलब्ध नाही.'

"गेला?" चाचा म्हणाले. "कुठं गेला? बजाराले गेला? कापला, बाई. कापला लिवा."

मी लिहिलं. 'कोरणाऱ्याचे नाव चौकट बसवताना कापले.' मंगळवारी तो कागद साहेबांपुढे ठेवला. साहेब म्हणाले, यानं वकिलांचे वारस दुखावतील, 'उपलब्ध नाही' इतकंच पुरे. नोकरीत मी पहिल्यांदाच आवाज चढवला. मी म्हणाले, वारसांची चार ओळींत नावं आहेत, त्यांना दुखायला भरपूर जागा आहे, याला अर्धी ओळ द्या. साहेबांनी चष्मा काढला. तुम्हाला त्या चाचांची हवा लागली, म्हणाले. मग घड्याळ पाहिलं. चारला दहा मिनिटं कमी होती. सही केली.

नवं लेबल लागलं. चाचा आले, त्यांनी ते एकदाच वाचलं, मान हलवली आणि गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी अकरा वाजून गेले तरी खोली गप्प होती, आणि मला कळेना की मी काय करावं. ज्या माणसानं माझे सगळे रविवार खाल्ले होते, तो आला नाही म्हणून मी दिवसभर चिडचिड केली. सोमवारी सुट्टी होती. पत्ता विचारत त्यांच्या घरी गेले.

मशिदीमागच्या बोळात दोन खोल्यांचं घर. मुलगा शकील सुरतला, वर्षातून एकदा ईदला येतो. चाचा एकटेच होते. मला पाहून पहिल्यांदा रागावले, कळवलं असतं तर दूध आणून ठेवलं असतं म्हणाले. मग बिनदुधाचा चहा ठेवला. बसायला खाट होती. भिंतीशी एक पाटी तोंड फिरवून ठेवलेली होती. मी सरळ केली. 'रऊफ नक्षीवाले' लिहिलं होतं. चाचा म्हणाले, फिरवून ठेवा ते.

फळीवर मात्र भांडी ओळीनं लावलेली होती, आणि मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. मी चाचांचं काम गावात पाहिलं होतं. ठसठशीत, सरळ, टिंबांचं. हे वेगळं होतं. एका पितळी परातीच्या काठावरून कपाशीची फांदी गोल फिरत गेली होती. पानांच्या शिरा, पातं म्हणजे कळी, फूल, अर्धवट उमललेलं बोंड, आणि उकललेल्या बोंडात कापूस दिसावा म्हणून पितळ तसंच कोरं सोडलेलं. मी भिंग मागितलं. पानाच्या सावलीत केसाएवढ्या रेघा होत्या, शेजारी शेजारी, फुगत गेलेल्या आणि निमुळत्या होत संपलेल्या.

मी विचारलं की चाचा, तुम्ही एवढं बारीक काम करत होता, तर दुकानात कधी का दाखवलं नाही.

चाचांनी चहा गाळला. कप माझ्यापुढे ठेवला. मग खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि भिंतीकडे पाहत बोलायला लागले.

"मी ठोक्याचं काम करो, बाई. नाव, गाव, सप्रेम भेट. बारीक काम आलं की घरी आनो. थे ती करे. स्वयपाक झाला की खिडकीशी बसे, मांडीवर फडकं घेऊन. लोकं म्हनत, रऊफभाईचा हात म्हंजे काय हात हाये. एक डाव मेहकरचा एक शेठ घरी आला. पोरीच्या लग्नाची भांडी पाहून इतका खुश झाला, मले म्हने, उस्ताद, तुमचे हात चुमाव वाटते. ती पडद्याच्या मांगं चहा घेऊन उभी होती." त्यांनी खाटेची सुंभाची दोरी दोन बोटांत धरली. "मी काय म्हनलो असन?"

मी कप खाली ठेवला.

"मेहरबानी म्हनलो. माहे हात पुढं केले आन् मेहरबानी म्हनलो. ती चहा ठेवून गेली. कधी इषय नाई काढला तिनं. भांडली असती तं बरं झालं असतं."

चार वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. त्यानंतर एका रविवारी ऊन लागलं म्हणून चाचा सावलीला आमच्या संग्रहालयात शिरले होते. राणी त्यांनी पाहिलीच नाही. गळ्यावरची लेस पाहिली, आणि खिडकीशी मान खाली घालून बसलेली ती दिसली. मग खाली नाव शोधायला गेले तर पुठ्ठा. आता कोपरा कापलेलाच आहे म्हटल्यावर तिथं येऊन भांडायचं कोणाशी, असं त्यांचं म्हणणं होतं. ते पुन्हा पुन्हा सांगत होते की कात्री चालवणारा निदान अनोळखी होता, त्याला काही माहीत नव्हतं.

मी परात उलटीपालटी करून पाहिली. त्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर कोणाचं ना कोणाचं नाव होतं. या परातीवर नव्हतं. तिनं टाकलं नाही, चाचा म्हणाले, आणि मी टाक म्हटलं नाही.

परात संग्रहालयाला द्या, असं मी म्हणाले तेव्हा ते अपेक्षेप्रमाणे खवळले. तुमच्या वाळवीच्या घरात, म्हणाले. त्या हुक्क्याशेजारी, म्हणाले. मी चहा संपवला आणि सांगितलं की उद्या मंगळवार आहे, साहेब असतात, पटलं तर या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, बगलेत चादरीत गुंडाळलेली परात. साहेबांनी आधी घड्याळ पाहिलं, मग परात. त्यांनी टेबलावरचं भिंग उचललं, खिडकीपाशी गेले, आणि काठावरून एक पूर्ण फेरी मारली. नंतर आणखी एक. साहेब वाईट माणूस नाही, त्यांना कोणी कधी थांबून पाहायला लावलेलं नव्हतं इतकंच. परत येऊन त्यांनी खुर्ची सरकवली आणि चाचांना बसा म्हणाले. मला म्हणाले, नोंदवही काढा. त्या दिवशी त्यांची चारची गाडी गेली.

आमच्या नोंदवहीत पक्क्या काळ्या शाईनंच लिहावं लागतं, असा नियम आहे. मी टाक भरला. वस्तू, परात. धातू, पितळ. काम, काठावर कपाशीची कोरीव वेल. मग कारागिराचा रकाना आला. मी वर पाहिलं.

"शकीलची अम्मी," चाचा म्हणाले.

मी म्हणाले, नाव लागेल.

मला वाटतं, बाहेरच्या माणसापुढे ते नाव त्यांनी उभ्या आयुष्यात घेतलं नसावं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. साहेब खिडकीकडे पाहायला लागले.

"जुबेदा," ते म्हणाले. इतक्या हळू की मला विचारावं लागलं, आणि त्यांनी पुन्हा सांगितलं.

मी लिहिलं. साहेबांनी शेजारी सही केली. मी वही मिटायला घेतली तर चाचांनी पानावर अधांतरी हात धरला.

"मिटू नका," म्हणाले. "ओलं हाये."

आम्ही तिघंही ती शाई वाळेपर्यंत तसेच बसून राहिलो.